सव्वाचारचा बिघाड

"आधी बिघाड आपल्या हातानं घडवून दाखवायचा. तो घडवता आला, की मग दुरुस्तीला हात घालायचा. आणि तोवर तोंडातून 'झालं' हा शब्द काढायचा नाही."

मामंजी हे सांगायचे तेव्हा त्यांचा चष्मा कपाळावर असायचा आणि स्क्रूड्रायव्हर कानामागे, सुतारानं पेन्सिल ठेवावी तसा. रेडिओच्या काळात ते हेच सांगत, टीव्हीच्या काळातही हेच. पुढे कॉम्प्युटर आले, त्यातलं निम्मं त्यांना उमगत नव्हतं, तरी सांगणं बदललं नाही. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली होती. दुकान आता त्यांची सून चालवत होती. काउंटरवर बसणारा दीर तिला "वहिनी" म्हणून हाका मारायचा, म्हणून गिऱ्हाइकंही वहिनीच म्हणत, सत्तरी उलटलेले आजोबासुद्धा.

वहिनींचा एक नेम होता. सकाळी शटर वर गेलं की कुणाशी बोलायच्या आधी त्या कामाचं टेबल स्वतः पुसायच्या आणि डोळे मिटून मिनिटभर त्याच्यापुढे उभ्या राहायच्या. काल आपण कुणाकुणाला 'झालं' म्हणालो आणि ते खरं होतं का, एवढंच मनाशी तपासायचं. हात जोडलेले नसत, ओठही हलत नसत. दीर एरवी रेडिओसारखा अखंड सुरू असायचा, पण त्या मिनिटात तो फोनची रिंगदेखील बंद ठेवायचा.

सोमवारी दुपारी शिवणकाम करणाऱ्या एक ताई दुकानात आल्या. गळ्यात मोजपट्टी तशीच, बहुधा काढायची विसरलेली. लॅपटॉप त्यांनी स्वतः शिवलेल्या जाड कापडी पिशवीतून आणला होता.

"पडदा थिजतो," त्या म्हणाल्या. "चित्र जिथल्या तिथे. बाण हलत नाही, काही नाही. आवाज मात्र चालू असतो."

"आवाज चालू म्हणजे मशीन जिवंत आहे," दीर म्हणाला. "निम्मं काम झालं की, ताई."

"आवाज घेऊन काय करू? भावाशी बोलायचं असतं, आणि तो ऐकत नाही."

"कुणाचा भाऊ ऐकतो हो? या वहिनींना विचारा, आमचे दादा..."

"त्याला ऐकू येत नाही," ताई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. असं सांगायची त्यांना सवय असावी. "जन्मापासून. आम्ही हातांनी बोलतो."

दिरानं जीभ चावली आणि पावतीपुस्तकात डोकं घातलं. लॅपटॉप घेतला, वहिनींच्या टेबलावर ठेवला आणि लगेच चार्जरला जोडला. दुकानात आलेलं मशीन आधी चार्जरला लावायचं, ही त्याची शिस्त. मध्येच बंद पडलं तर वहिनींची बोलणी कोण खाणार?

वहिनींनी ताईंना स्टूल दिलं. "केव्हा होतं?"

"नेम नाही. कधी चार दिवस काही नाही, कधी लागोपाठ तीन दिवस. पण झालं की त्याच्याशी बोलतानाच होतं. रोज चार वाजता बोलतो आम्ही."

हळूहळू सगळं बाहेर आलं. भाऊ धाकटा, पुस्तकांची बांधणी करणारा, रात्रभराच्या प्रवासाइतक्या दूरच्या गावी एकटा राहणारा. हर्नियानं हैराण झालेला. शुक्रवारी त्याचं ऑपरेशन ठरलं होतं. सकाळी दहाला डॉक्टर त्याला सगळं समजावणार आणि सही घेणार. पण डॉक्टरांना हातांची भाषा येत नाही, आणि लिहून दिलेलं त्याला पुरत नाही. ताईंनी पडद्यावर राहून इकडचं तिकडे सांगायचं, असं ठरलं होतं. स्वतः जायचं तर घरी नवरा खुबा मोडून बसलेला, सहावा आठवडा, वॉकर घेऊन जेमतेम उभा राहायला लागलेला.

"आणि आता तो म्हणतो, ऑपरेशन करणारच नाही."

"का?"

ताईंनी मोजपट्टी गळ्यातून काढली आणि बोटाभोवती गुंडाळायला लागल्या. "म्हणतो, मी घाबरलोय असं सांगायला लागलो की तू उठून जातेस. आता मी कुठे जाते? त्याचं चित्र अडकलेलं असतं. थांबते थोडं, हात हलवून बघते, मग उठून राउटर बंद-चालू करते. त्याला हे सांगितलं तर म्हणतो, माझ्याकडे तर तू छान दिसतेस, उठताना दिसतेस, जाताना दिसतेस. बहाणे सांगू नकोस."

वहिनींनी वहीत लिहिलं: *पलीकडे चित्र नीट पोचतं. नेट ठीक. कॅमेरा ठीक. अडकतो तो फक्त हा पडदा.*

"आणि आवाज?"

"आवाज येतो ना. तेच तर. त्याच्या बाह्या घासल्याचा आवाज येतो, तळहातावर तळहात आपटल्याचा येतो. तो बोलतोय हे मला ऐकू येतं." त्या थांबल्या. "काय बोलतोय ते दिसत नाही."

वहिनींनी पेन खाली ठेवलं. "शुक्रवारी दहाला तुमच्यापुढे चालता पडदा असेल. हा नाही तर माझा. मी घेऊन येईन."

"तुमचा कशाला? हाच नीट करून द्या म्हणजे झालं."

सोमवारची दुपार आणि मंगळवारचा अख्खा दिवस वहिनी त्या लॅपटॉपमागे होत्या. दिराला मागच्या खोलीत फोन घेऊन बसवलं आणि चार-चार तास व्हिडिओ कॉल सुरू ठेवला. दीर पडद्यावर कधी गाल फुगवायचा, कधी कान हलवायचा, कधी डुलक्या काढायचा. एकदा तो इतका निश्चल दिसला की वहिनी ताडकन उठल्या, पण ती झोप निघाली. मशीन मुद्दाम गरम करून पाहिलं. झाकण शंभरदा उघडलं-मिटलं, पडद्याकडे जाणारी वायर पिळून पाहिली, मेमरी तपासली, दुसरा मोठा पडदा जोडून पाहिला. एका वेळी एकच गोष्ट, आणि प्रत्येकीपुढे वहीत तोच शेरा: *अडकला नाही.*

"वहिनी, दवाखान्यात गेल्यावर ताप उतरतो तसं आहे हे," दीर म्हणाला.

"मग घरी काय होतं ते कळायला हवं."

"काय होणार? नवा ड्रायव्हर टाका आणि देऊन टाका." ड्रायव्हर म्हणजे पडद्यावर चित्र कसं उमटवायचं हे मशीनला सांगणारा प्रोग्राम. तो जुना झालेला होता, हे खरं होतं. "दहातल्या आठ पडद्यांचं दुखणं तेच असतं."

"आणि उरलेल्या दोघांचं?"

"उरलेल्या दोघांची गिऱ्हाइकं आपल्याकडे येत नाहीत," दीर म्हणाला आणि आपल्याच विनोदावर हसला. वहिनी हसल्या नाहीत. मंगळवारी संध्याकाळी ताईंचा फोन आला होता: दोन दिवस बोलणं नाही, धाकटा मेसेजलाही उत्तर देत नाही, उद्या चारला तरी मशीन मिळेल का?

वहिनींनी नवा ड्रायव्हर टाकला. बुधवारी सकाळभर मशीन चालवलं. अडकलं नाही. पण ते आधीही अडकत नव्हतंच, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. दुपारी ताई आल्या, लॅपटॉप पिशवीत सरकवला, पिशवीचं बटण लावलं आणि मान वर करून विचारलं, "झालं ना?"

त्यांच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं.

"झालं," वहिनी म्हणाल्या.

दिरानं काउंटरवरून मान वळवून पाहिलं. त्या दिवशी वहिनींनी आणखी तीन मशीनं दुरुस्त केली, तिन्ही चोख, पण घरी जाताना त्यांना आठवत राहिलं ते चौथं.

गुरुवारी सकाळी शटर वर गेलं. टेबल पुसून वहिनी डोळे मिटून उभ्या राहिल्या, पण मिनिट पुरं व्हायच्या आतच दारात कुणी तरी येऊन थांबल्याचं त्यांना जाणवलं. ताई होत्या. त्या थांबून राहिल्या. वहिनींनी डोळे उघडल्यावरच बोलल्या.

"काल सव्वाचारला अडकला."

दीर म्हणाला, "ताई, नवीन ड्रायव्हरला थोडं रुळायला..."

"भावजी," वहिनी म्हणाल्या.

"तुम्ही झालं म्हणालात म्हणून मी धाकट्याला सांगितलं, आता नाही अडकणार. शब्द दिला मी त्याला." ताईंचा स्वर तक्रारीचा नव्हता, घडलं तसं त्या सांगत होत्या. "त्यानं मग पहिल्यांदाच सगळं काढलं. आमच्या आईच्या ऑपरेशनचं. तेव्हा तो आठ वर्षांचा होता, त्याला कुणी काही समजावलंच नव्हतं, बाहेर बाकावर बसवून ठेवलं होतं. ते सांगत होता आणि मध्येच पडदा थिजला. मला बाह्यांचा आवाज येत होता. मी उठले नाही हो. बसूनच राहिले. पण उत्तर काय देणार? तो विचारत असणार, आणि मी बघत बसलेली. नंतर त्याचा मेसेज आला. आता बोलू नकोस."

वहिनी म्हणाल्या, "चूक माझी. बिघाड मला सापडला नव्हता, आणि मी झालं म्हणाले. खोटं बोलले मी." मग विचारलं, "मशीन कुठेय?"

"घरी."

"घरीच राहू द्या. चार वाजता मी येते. भावांना काय सांगायचं ते..."

"तो यायचा नाही."

"त्यांना कळवा, दुरुस्तीवाली बाई आलीय, तिला तपासायला पलीकडे माणूस हवाय. बोलायचं नसेल तर नका बोलू म्हणावं. काम आहे."

ताईंनी तिथेच उभ्या उभ्या मेसेज केला. उत्तर यायला दहा मिनिटं लागली: *काम असेल तर येतो.*

"कारागीर आहे," ताई म्हणाल्या. कितीतरी दिवसांनी त्यांच्या ओठाचा एक कोपरा हलला.

ताईंचं घर दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. खिडकीशी शिवणयंत्र आणि त्याच्याच टेबलावर लॅपटॉप. उजेड नेमका हातांवर पडावा अशी मांडणी होती, मागची भिंत कोरी, आणि ताईंनी अंगात गडद रंगाचं काही घातलं होतं, म्हणजे त्यावर बोटं उठून दिसतील. चार्जरची वायर मात्र समोरच्या भिंतीतल्या बटणापर्यंत गेलेली, खोलीच्या मधून, गुडघ्याच्या खालून, ताणलेली.

ताईंचे यजमान पलंगावर बसले होते, वहिनी त्यांना काका म्हणायला लागल्या. "या, डॉक्टरीणबाई. रुग्ण दोन आहेत, आधी कुणाला बघताय?"

"अहो, जरा गप्प बसा," ताई म्हणाल्या.

चार वाजता पडद्यावर भाऊ आला. रुंद कपाळ, बोटांना डिंकाचे सुकलेले पापुद्रे, मागे कागदांच्या चळती. त्यानं वहिनींना मान लववून नमस्कार केला आणि बहिणीकडे न बघता हाताची घडी घालून बसला. वहिनी त्याला दिसतील अशा, पण जरा बाजूला स्टुलावर बसल्या. हातात वही. त्यांनी ठरवलं होतं की काही करायचं नाही, कशाला हात लावायचा नाही, फक्त बघायचं.

चार वाजून पाच. ताईंचे हात काही विचारत होते, भाऊ एका बोटानं उत्तर देत होता. दहा मिनिटं झाली. पडदा व्यवस्थित. वहीत काही नाही.

सव्वाचारला काकांनी घड्याळ पाहिलं. "चला, आमची परेड. वीस फेऱ्या सांगितल्यात बाईंनी," ते म्हणाले आणि वॉकर पुढे ओढला. बाई म्हणजे व्यायाम शिकवायला येणाऱ्या. त्या कधी फेऱ्या सांगत, कधी नुसतं पडून पाय उचलायला लावत.

ताईंचे डोळे पडद्यावरच होते. उजवा हात भावाशी बोलत होता. डावा हात मात्र आपसूक खाली गेला, लॅपटॉपची पिन उपसली, वायर दोनदा मनगटाभोवती गुंडाळली आणि शिवणयंत्राच्या खाली टाकली. वॉकरला वाट मोकळी झाली.

वहिनींचं पेन हलेना. चार वर्षांच्या मुलाच्या चड्डीची नाडी आई बोलता बोलता बांधते, तसं होतं ते. ताईंना विचारलं असतं तर त्यांनी शपथेवर सांगितलं असतं, मी काही केलं नाही.

काका एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला निघाले. टक, टक, सरकणारा पाय, टक. पहिली फेरी, दुसरी, तिसरी. चौथ्या फेरीत भाऊ हात उचलून काही सांगायला लागला आणि त्याचा हात खांद्याशी थांबला. डोळे अर्धे मिटलेले. पडद्याच्या कोपऱ्यातलं घड्याळ चार एकोणीसवर थांबलं. स्पीकरमधून मात्र बाहीचा सळसळाट येतच राहिला.

"बघा!" ताई म्हणाल्या. त्यांचा चेहरा उतरला.

"उठू नका," वहिनी म्हणाल्या. "त्यांना खूण करा, थांब म्हणावं. त्यांना तुम्ही दिसताय." मग त्या वाकल्या, शिवणयंत्राखालून वायर काढली आणि पिन परत लावली.

भावाचा हात एकदम खाली उतरलेला दिसला. तो सरळ बसून डोळे बारीक करून बघत होता.

वहिनींनी पिन काढली. वही मांडीवर, डोळे घड्याळावर. सव्वातीन मिनिटांनी पडदा थिजला. लावली, सुटला. पुन्हा काढली. या खेपेला चार मिनिटं. पुन्हा लावली. तिसऱ्यांदा काढली तेव्हा काका मधोमध वॉकरवर रेलून उभे होते.

"म्हणजे दोष माझ्या पायाचा की काय?"

"तुमच्या पायाचा नाही, काका. माझ्या टेबलाचा," वहिनी म्हणाल्या. "दुकानात हे सतत चार्जरला लावलेलं. तीन दिवसांत एकदाही बॅटरीवर चालवलं नाही मी. दिसणार कुठून?"

मग त्यांनी ताईंना समजावलं. चार्जर काढला की लॅपटॉप वीज वाचवायला बघतो. पडद्यावर फार हालचाल नाही असं वाटलं की तेच चित्र धरून ठेवतो, नवं काढायचे कष्ट घेत नाही. नवं चित्र आलं की धरलेलं सोडायचं असतं. याचा पडदा सोडायचंच विसरतो. चित्राच्या सेटिंगमध्ये ही काटकसर बंद करता येते. बॅटरी थोडी लवकर उतरेल, एवढंच.

"आणि ज्या दिवशी अडकत नव्हता..."

"त्या दिवशी काकांच्या फेऱ्या नसणार."

ताईंनी नवऱ्याकडे पाहिलं, वायरकडे पाहिलं, आपल्या डाव्या हाताकडे पाहिलं. "मी काढते? पिन?" त्या म्हणाल्या. "रोज?"

"बघ आता," काका म्हणाले. "आमचंच ध्यान ठेवता ठेवता."

वहिनींनी सेटिंग बदललं, मशीन बंद करून सुरू केलं, पिन काढली आणि दूर ठेवली. पाऊण तास बॅटरीवर कॉल सुरू ठेवला. काकांनी सांगितल्या होत्या त्याहून आठ फेऱ्या जास्त मारल्या, "तपासणीसाठी," म्हणाले. पडदा थांबला नाही. नंतर वहिनींनी सेटिंग पुन्हा जुनं केलं. पडदा पाच मिनिटांत थिजला. परत नवं केलं. बिघाड आता त्यांच्या मुठीत होता: हवा तेव्हा आणायचा, हवा तेव्हा घालवायचा.

या सगळ्या वेळात ताई भावाला हातांनी सांगत होत्या. पिन, वॉकर, फेऱ्या. वहिनींना शब्द कळत नव्हते, पण वॉकरची नक्कल कळली, ती सगळ्यांनाच कळली असती. भावानं काही विचारलं. ताई थबकल्या, मग त्यांनी हात खांद्याशी नेला, डोळे अर्धे मिटले आणि तशाच निश्चल बसल्या. त्याला दाखवत होत्या, तू मला असा दिसायचास. भाऊ बघत राहिला. मग त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. खांदे हलत होते. हसतोय की रडतोय ते वहिनींना कळलं नाही, आणि ताईंनी सांगितलं नाही.

थोड्या वेळानं भावानं वहिनींकडे बोट केलं.

"विचारतो, झालं का?" ताई म्हणाल्या.

वहिनींनी वहीतली तीन ओळींची नोंद एकदा वाचली. "झालं."

भावानं पुन्हा काही विचारलं. ताई अवघडल्या. "तो म्हणतो... तुम्ही राग मानू नका. म्हणतो, कालही झालं म्हणाला होतात. उद्या दहाला परत अडकला तर? तो सही करणार नाही म्हणतो, मी पूर्ण दिसल्याशिवाय."

"बरोबर आहे त्यांचं," वहिनी म्हणाल्या. "त्यांना सांगा, उद्या साडेनऊला मी माझा लॅपटॉप सुरू करून तुमच्या शेजारी बसेन. हा अडकला तर तो पुढे सरकवेन. त्यांचं बोलणं तुटणार नाही."

ताईंनी सांगितलं. भावानं थोडा विचार केला आणि दोन्ही हात छातीपुढे आणून दोऱ्याची गाठ ओढावी तसे बाजूला ताणले, घट्ट.

"ही आमच्या घरातली खूण," ताई म्हणाल्या. "लहानपणची. मी शिवायचे, तो वह्या शिवायचा. शब्द दिला तर गाठ मारायची. तुम्हाला मारायला सांगतोय."

वहिनींनी वही खाली ठेवली आणि गाठ ओढली. त्यांची जरा वाकडी आली. भावानं मान हलवली आणि पुन्हा करून दाखवली. त्यांनी पुन्हा ओढली. मग त्यानं मान डोलावली.

जाण्याआधी वहिनींनी वायर भिंतीच्या कडेनं फिरवून चिकटपट्टीनं बसवली. आता कुणाला पिन काढायची गरज नव्हती.

शुक्रवारी सकाळी टेबल पुसून त्या मिनिटभर उभ्या राहिल्या. त्या दिवशी मिनिट जरा लांबलं. डोळे उघडून त्यांनी आपला लॅपटॉप पिशवीत घातला, त्याचा चार्जर, लांब वायरचा बोर्ड आणि पिन सैल वाटली तर असावा म्हणून एक जादा चार्जर.

"त्या ताईंकडे?" दिरानं विचारलं. "ते मशीन तर झालं ना?"

"झालं."

"नक्की?"

"या खेपेला नक्की."

"मग कशाला जाताय? आज सहा मशीनं द्यायचीत. तुम्ही तिथे नुसत्या बसून राहणार."

"हो," वहिनी म्हणाल्या.

दीर आणखी काही बोलणार होता, पण वहिनींचे हात पिशवी उचलायच्या आधी छातीपुढे आले आणि काहीतरी ओढल्यासारखे बाजूला गेले. त्याला त्यातलं काही कळलं नाही. त्यानं उठून दार उघडून धरलं.

साडेनऊला अजून वीस मिनिटं होती, आणि रस्ता पंधराचा. त्या निघाल्या.